न पडलेलं स्वप्न

शुक्रवारी सकाळी सात वाजता एव्हरिल क्वामिनाने लीडर रोच यांना आपलं स्वप्न सांगितलं. ते तिला पडलेलं नव्हतं.

शोकाच्या आठवडाभराच्या विधीला बसायचं तर आधी स्वप्न लागतं. चर्चमागच्या खोलीत, डोळ्यांवर रंगीत पट्ट्या बांधून माणूस जमिनीवर पडून राहतो आणि आत्म्याने प्रवासाला निघतो. तिथे कुणाला नद्या दिसतात, कुणाला परके देश, कुणाला गेलेली माणसं भेटतात. पण ही वाट कोणी दाखवायची ते आपण ठरवायचं नसतं. वाटाड्या स्वप्नात यावा लागतो. तोको गावच्या बाप्टिस्ट ख्रिश्चनांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एव्हरिलला मात्र जुलैपासून एकही स्वप्न पडलं नव्हतं. पडणार कसं? ती धड झोपतच नव्हती.

जुलैत तिचा नवरा केस्टर मासेमारीला गेला तो परतला नाही. होडीची एक फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. पोलिसांच्या लेखी तो बेपत्ता होता. गावाच्या लेखी तो गेला होता, पण तिच्या तोंडावर तसं कुणी म्हणत नव्हतं. त्याच्यासाठी मेणबत्ती लावायची ती परत येण्यासाठी की शांतीसाठी, एवढंच तिला कळायला हवं होतं.

रोच यांच्याकडे तिला नणंद कोराली घेऊन आली होती. सांग्रे ग्रांडे शहरातलं त्यांचं चर्च मोठं, फरशी गुळगुळीत, दर रविवारी बाहेर रस्त्यापर्यंत माणसं. रोच बोलायचे हळू आणि गोड.

एव्हरिलने येताना मॅक्सी-टॅक्सीत बसल्याबसल्या रचलेलं सगळं सांगितलं. नदीकाठी एक उंच पुरुष, थेट रोच यांच्यासारखा, अंगात तपकिरी झगा, हातात पितळी लोटा, लोट्यात पिवळी फुलं.

रोच यांनी डोळे मिटले.

"काल पहाटे मलाही हेच दिसलं," ते म्हणाले. "हीच नदी, हाच लोटा. बाई कोण ते तेव्हा कळलं नाही. आता कळलं. आणि भगिनी, तुझ्यामागे एक माणूस उभा होता. त्याचे कपडे ओले होते."

कोरालीने एव्हरिलचं मनगट घट्ट धरलं.

"येत्या रविवारी बस," रोच म्हणाले. "तो तुझ्याशी बोलेल. मी शब्द देतो."

परतीच्या वाटेवर कोरालीचं बोलणं थांबलं नाही. पांढरा झगा कोणाकडून आणायचा, डोक्याला कोणतं कापड, सगळं तिने ठरवून टाकलं. एव्हरिल खिडकीबाहेर बघत होती. आपण थाप मारली आणि समोरच्याने तीच थाप आपल्यालाही दिसली म्हणून सांगितलं, हे तिला स्वच्छ कळत होतं. पण ओले कपडे तर तिने रचले नव्हते. ते कुठून आले? बाईच्या मागे बुडालेला नवरा उभा करायला फार डोकं लागत नाही, हेही तिला कळत होतं. तरी तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

तोकोत शिरताच ती एकटीच मदर इस्मेच्या छोट्या चर्चपाशी उतरली. पत्र्याचं छप्पर, मातीची जमीन, दारात म्हातारी मदर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली.

"मदर, तुम्ही माझ्या स्वप्नात आलात," एव्हरिल म्हणाली आणि तिने उंच पुरुषाच्या जागी म्हातारी बाई घातली. बाकी नदी, फुलं, लोटा सगळं तेच.

"लोटा पितळी होता?"

"हो."

"बरं झालं. माझा पत्र्याचा, तोही गळका. स्वप्नात तरी चांगला मिळाला." मदरने तिच्या ओंजळीत शेंगा टाकल्या. "सोल. तू मला दिसली नाहीस गं, बाळा. केस्टर परतला नाही तेव्हापासून देवाकडे तुझ्यासाठी मागते आहे. गुडघे सुजले मागून मागून. त्याने काही दिलं नाही."

"मग माझं स्वप्न खोटं?"

"मी कुठे म्हटलं? तुझं स्वप्न तुला माहीत. मला दिसलं नाही ते दिसलं कसं म्हणू?"

रोच यांच्यापुढे एव्हरिलचा आवाज एकदाही कापला नव्हता. इथे मात्र तिने ओंजळीतल्या शेंगा टोपलीत परत टाकल्या.

"मॅक्सीत बसून रचलं मी," ती म्हणाली. "दोन्हीकडे तेच सांगितलं."

"दुसरीकडे म्हणजे?"

"लीडर रोच. ते म्हणाले, त्यांनाही तेच पडलं."

मदरच्या ओठाचा एक कोपरा हलला. "मॅक्सीत रचलेलं?"

"मॅक्सीत रचलेलं."

दोघी हसल्या. एव्हरिल जरा जास्तच वेळ हसली, आणि मग म्हणाली, "त्यांना माझ्यामागे एक माणूसही दिसला. ओल्या कपड्यातला."

मदरने टोपली खाली ठेवली.

"तेवढं तरी खरं असेल ना, मदर?"

"मला माहीत नाही."

"काहीतरी म्हणा ना."

"काय म्हणू? आहे म्हणू? गेला म्हणू? जिभेला काय, ती कशीही वळते. तू ते घरी घेऊन जाशील, रात्री उशाशी घेऊन झोपशील. आणि तिथे माझे शब्द असतील, बाळा. केस्टर नसेल." तिने एव्हरिलच्या केसात अडकलेलं शेंगेचं साल काढलं. "आणि आत बसलीस तर तो भेटेलच, हेही मी सांगणार नाही. तिथे नवऱ्याला शोधायला गेलेली एक बाई शिवणकाम शिकून आली. अजून शिवते."

"मग तुमच्याकडे यायचं कशाला?"

"म्हणून तर कोणी येत नाही," मदर म्हणाली आणि कोको ठेवायला उठली.

त्या दिवसापासून एव्हरिल चर्चमध्येच राहिली. मदरने तिला बाकावर उशी दिली आणि स्वतः शेजारच्या बाकावर आडवी झाली. "झोप येऊ दे आधी," ती म्हणाली. "स्वप्नाचं मागाहून बघू."

शनिवारी दुपारी कोराली आली.

"तिकडे लीडर जागा धरून बसलेत आणि तू इथे शेंगा सोलतेस? काय दिलं गं या म्हातारीने तुला?"

"कोको दिला," एव्हरिल म्हणाली. "कोराली, ते स्वप्न मला पडलंच नव्हतं. मी बनवलं होतं."

कोराली दोन पावलं पुढे आली.

"मग? देव काय खोट्यातून बोलत नाही? त्याला ओल्या कपड्यात पाहिलं म्हणाले ते." तिचा आवाज उतरला. "तो माझा भाऊ आहे, एव्ही. तुझ्या आधी माझा होता. मलाही कोणीतरी काहीतरी सांगायला हवंय."

एव्हरिलने तिला जवळ ओढून घेतलं. ते स्वप्न रचणारी आपण, आणि ते खरं मानून बसली ही, एवढंच तिच्या मनात आलं. रोच यांनीही थाप मारली, असं ती म्हणाली नाही. मदरने तिसरा कप आणला.

कोको संपल्यावर कोराली म्हणाली, "तू नाही बसत तर मी बसते."

"तुला तरी स्वप्न पडलं का?" मदरने विचारलं.

कोरालीने कप खाली ठेवला आणि ती निघून गेली. एव्हरिल फाटकापर्यंत तिच्या मागे गेली, थांब म्हणाली. ती थांबली नाही.

सोमवार सकाळपर्यंतची हकिकत अशी. रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर लीडर रोच यांनी कोरालीच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. ती पुढच्या रविवारी बाहेर येईल आणि आपण काय पाहिलं ते सर्वांसमोर सांगेल. तोकोत एव्हरिल त्या रात्री सलग झोपली. तिला स्वप्न पडलं नाही. उठल्यावर तिने मेणबत्ती लावली, एकच, परत येण्यासाठीची, आणि कोरालीचं नाव घेतलं.