चिमाबाईची खातरजमा

“वाचता येत नाही, ते राहू दे. पण भिंतीवरचा तो पदवीचा कागद तरी दिसतो का तुला?” डॉक्टर पोंक्षे वैतागून म्हणाले.

“दिसत असता तर कशाला आले असते हितं?” चिमाबाई म्हणाली.

पौडच्या त्या दवाखान्यात बसलेली माणसे खुसखुसली. डॉक्टरांना मात्र हसू आले नाही. कोळवणच्या वरच्या अंगाला मेंढरे राखणाऱ्या धुळाजी धनगराची ही बायको. उजवा डोळा गेलेला, डाव्यात मोतीबिंदू. आली होती डोळा कापून घ्यायला आणि उलटतपासणी चालली होती डॉक्टरांचीच.

“खरा डागदर हाय, ह्ये आमी कशावरनं समजायचं?”

“पटत नसेल तर दुसरीकडे जा.”

बाई उगाच अडून बसली नव्हती. दोन वर्षांपूर्वी एक फिरता माणूस त्यांच्या वस्तीवर आला, पेटीतला कसलासा कागद फडकावला, डोळ्यात सुई घातली आणि उजवा डोळा कायमचा घालवून गेला. त्याच्याहीपेक्षा चिमाबाईला स्वतःचा राग यायचा. परके मेंढरू कळपात शिरले, तर आधी त्याच्या कानाची खाच चाचपायची, कुणाचे ते ठरवायचे, मगच ठेवून घ्यायचे. एवढे कळत असून डोळ्याच्या वेळी आपण काहीच का चाचपले नाही?

ती उठली ती थेट कचेरीत गेली. तिथला कारकून हाफीज ओळखीचा होता.

“डागदर खरा का खोटा, ते कुटं इचारायचं रं?”

हाफीज बघतच राहिला. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारले नव्हते. “मुंबईला सरकारी वही असती, मावशी. पास झालेल्या डागदराचं नाव तितं चढतंय. लिहून इचारतो.”

पाच आठवडे दर बाजाराला ती धुळाजीच्या घोंगडीचे टोक धरून पौडला येत राहिली. डोळ्यातला उजेड कमी कमी होत होता.

“घी की कापून! समदा गाव जातोय त्येच्याकडं,” धुळाजी करवादायचा.

“गाव जाऊ दे. डोळा माझा हाय, आन् एकच ऱ्हायलाय.”

सहाव्या बाजाराला उत्तर आले. नाव, कॉलेज, साल, सगळे वहीत होते. हाफीजने वाचून दाखवले. चिमाबाईने ते पत्र नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले.

“बारा वर्षं झाली मला इथं,” ते म्हणाले. “कुणी विचारलं नव्हतं.” खरे सांगायचे तर मनातून गडी खूश झाला होता. “आता बसतेस?”

“एक ऱ्हायलं. भितीवरचा कागुद माझ्या हातात द्या.”

डॉक्टर स्वतः स्टुलावर चढले. चौकट उतरवली, मागचे खिळे उपसले, काच बाजूला केली आणि कागद तिच्या मांडीवर ठेवला. चिमाबाईची बोटे कडेकडेने फिरत खालच्या कोपऱ्यात थांबली. तिथे दाबून उठवलेला गोल शिक्का होता. मेंढराचा कान चाचपावा तसा तिने तो दोनदा चाचपला.

“हाय,” ती म्हणाली. “खाच हाय. आता कापा.”

दहाव्या दिवशी पट्टी सुटली. चिमाबाईने आधी भिंतीकडे पाहिले. कागद जागेवर होता. काच मात्र डॉक्टरांनी पुन्हा बसवली नव्हती.