नापास होण्याचा सराव

फेब्रुवारीतला रविवार होता. लुर्देस रापोझोने केल-बटाट्याच्या सुपात शोरिसो सॉसेजच्या चकत्या सोडल्या, आच मंद केली आणि टेबलावरचे चमचे लाकडीच आहेत ना, हे एकदा पाहून घेतलं. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या उत्तर भागातल्या त्या घरात तीन वर्षांपासून धातूचा चमचा ड्रॉवरबाहेर निघालेला नाही. तो ताटलीवर वाजला की थोरल्या हेल्डरच्या डोक्यात कळ उठते, आणि मग तो दोन दोन दिवस तळघरातून वर येत नाही.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाप, जिल्बेर्तो, आपल्या सतरा वर्षांच्या सेलियाला नापास व्हायला शिकवत होता.

"दहा शब्द वाचतो. नीट ऐक."

"किती सांगायचे?"

"चार. पाचवा आठवला तर गिळून टाक."

"मागच्या वर्षी पाच चालले होते, बाबा."

"मागच्या वर्षी कराराचा प्रश्न नव्हता."

जिल्बेर्तो गवंडी. तीस वर्षांत हेल्मेट घातल्याशिवाय त्याने एकदाही बांधकामावर पाऊल टाकलं नाही. डोक्याची किंमत त्याला पुरेपूर ठाऊक होती. फक्त ती तो विटांच्या बाबतीत मोजत असे.

या नापास होण्यामागे एक सरळ हिशेब आहे. फुटबॉलचा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूच्या डोक्याची परीक्षा होते. शब्द लक्षात ठेवायचे, आकडे उलटे म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं. पुढे मैदानात डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा घेतात. गुण आधीइतके आले तर मेंदू ठीक, जा, खेळ. कमी आले तर बाहेर बस. ज्या डॉक्टरांनी हे ठरवलं ते सज्जन असणार. आधीच कमी गुण मिळवून ठेवले तर मार लागल्यावरही पास होता येतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. खेळाडूंच्या आईबापांच्या मात्र लगेच आलं. आता आमच्याकडे मोठा खेळाडू धाकट्याला हे शिकवतो, बाप लेकीला शिकवतो, आणि प्रशिक्षक त्या वेळी खिडकीबाहेर पाहतो.

हेल्डरलाही हेच शिकवलं होतं. तो मधल्या फळीतला खेळाडू. नऊ वर्षांचा असताना शहराच्या संघात, पंधराव्या वर्षी टोरोंटोच्या अकादमीत, अठराव्या वर्षी व्यावसायिक करार, एकविसाव्या वर्षी नॉर्वेच्या दुसऱ्या श्रेणीत. तिथे एका उंच बचावपटूचं कोपर त्याच्या कानशिलावर बसलं. पाचव्या दिवशी परीक्षा झाली. हंगामाआधीपेक्षा एक गुण जास्तच आला. क्लबच्या डॉक्टरांनी त्याचं अभिनंदन केलं. नवव्या दिवशी तो खेळला, सत्ताविसाव्या मिनिटाला पुन्हा आपटला, आणि सामना संपेपर्यंत खेळतच राहिला, कारण कोणी थांबवलं नाही. क्लबने त्याला शुभेच्छांचं छान पत्र देऊन घरी पाठवलं. त्याच्या कारकिर्दीचा तक्ता आजही इंटरनेटवर कुणालाही पाहता येतो. सामने एकसष्ट, गोल चार. दुखापती: गुडघा एकदा, घोटा दोनदा. डोक्याला कागदोपत्री काहीही झालेलं नाही.

जिल्बेर्तोच्या मते ते नशीब होतं. "हेल्डर परीक्षेत सहा चुकला. कोपरही चुकवायला हवं होतं," एवढाच त्याचा पश्चात्ताप.

"चल," तो सेलियाला म्हणाला. "बादली, मेणबत्ती, लिंबू, शिडी, कोट, पूल, घुबड, सुई, तंबू, पिंप."

"बादली, लिंबू, पूल, तंबू," सेलिया म्हणाली.

"फार पटपट बोललीस. अडखळ जरा."

जिना वाजला. टोपी भुवयांपर्यंत ओढून हेल्डर वर आला. त्या दिवशी त्याला जरा बरं होतं.

"काय चाललंय?"

"तुझ्या बहिणीची तयारी."

"मला विचारा ना. मला येतं हे."

"जिल, नको," सूप ढवळत लुर्देस म्हणाली.

"अगं, गंमत म्हणून." आणि त्याने दहा शब्द पुन्हा वाचले, सावकाश.

हेल्डरने डोळे मिटले. "बादली." मग बोटं टेबलावर दाबली. "लिंबू." बराच वेळ गेला. "घुबड. घुबड होतं ना?"

"होतं."

"थांबा, सांगू नका. अजून आहेत." त्याच्या कपाळावर घाम आला. सुपाला बारीक उकळी फुटत होती. "आहेत अजून. थांबा."

नव्हते. तीनच.

जिल्बेर्तो मुलीकडे वळला. "पाहिलंस? असं. कपाळाला आठी, मध्ये थांबणं. तुझं पाठ केल्यासारखं वाटतं. याचं बघ, अगदी खरं वाटतं."

त्याच्या बोलण्यात कसलीही चेष्टा नव्हती. हेल्डरच्या चेहऱ्यावर हसू आलं. बापाने त्याचं कौतुक केलं त्याला फार दिवस झाले होते. "पण मी मुद्दाम नाही केलं, बाबा," तो म्हणाला. "मी सगळे सांगणार होतो."

सेलियाने खुर्ची मागे सरकवली आणि जेवण न करता ती वर निघून गेली. जिल्बेर्तोने तिचा वाडगा हेल्डरपुढे सरकवला.

परीक्षा गुरुवारी होती. करार एकच होता, शहराच्या व्यावसायिक महिला संघाचा, आणि त्यासाठी त्या संघाच्या अकादमीच्या सहा मुली परीक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. शाळेत या सहाही जणींना उत्तम गुण असतात.

"मी दोनच शब्द सांगणार," ब्रायनी हॅलिडे म्हणाली.

"दोनवर संशय येईल ग," शेजारची म्हणाली.

"कोणाला, वेंडलला? त्याला परीक्षा घ्यायचा पगार मिळतो, संशय घ्यायचा नाही."

प्रशिक्षक पेट्राकिस कॉफीचा पेला घेऊन समोरून गेले. "मुलींनो, आज हुशारी नको हं," ते प्रेमाने म्हणाले.

सेलिया आत गेली. दहाच्या दहा शब्द सांगितले. आकडे उलटे म्हटले. एका पायावर उभी राहिली ती वेंडलने "पुरे" म्हणेपर्यंत.

वेंडलने पेन खाली ठेवलं. "सेलिया, तुला बरं वाटत नाहीये का?"

"बरं वाटतंय."

"उद्या पुन्हा दे हवं तर. मी नवा कागद घेतो. कोणाला कळायचं नाही."

"नको. हेच लिहा."

संध्याकाळी पेट्राकिसनी तिला बोलावलं. ओरडले वगैरे नाहीत. बसायला खुर्ची दिली.

"समज, जूनमध्ये तुला कोपर बसलं. या कागदामुळे मी तुला महिनाभर बाहेर बसवायचं?"

"हो, सर."

"आणि मधली फळी?"

"दुसरं कोणी सांभाळेल."

"बरोबर आहे," पेट्राकिस म्हणाले. "मग त्या दुसऱ्या कोणालाच घेतो." त्यांनी हात मिळवला आणि दार तिच्यासाठी स्वतः उघडलं.

करार ब्रायनीला मिळाला. तिने दोनच शब्द सांगितले होते.

जिल्बेर्तो मुलीशी तीन आठवडे बोलला नाही. मग बोलला ते एवढंच: "किती सांगितलेस?"

"दहा."

"एवढे आठवत होते तुला?"

"हो, बाबा. मला आठवतात."

तो उठून तळघराच्या दारापर्यंत गेला, तिथे थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला.

जूनमध्ये टीव्हीवर सामना चालू असताना ब्रायनी गोलरक्षिकेच्या गुडघ्यावर डोकं आपटून पडली. उठली, हात वर केला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. चार दिवसांनी परीक्षा झाल्याची बातमी आली, तेव्हा जिल्बेर्तोने कामावरून सुट्टी घेतली आणि ट्रक काढून तो थेट हॅलिडेंच्या घरी गेला. ब्रायनीचा बाप डग अंगणात गवत कापत होता.

"पास झाली," डग यंत्र बंद करून म्हणाला. "वर एक गुण जास्त. मार खाऊन पोरगी हुशार झाली आमची."

"हेल्डरलाही एक जास्त आला होता."

डग वाकून यंत्रात अडकलेलं गवत काढू लागला.

"तिला शनिवारी खेळायला पाठवू नकोस," जिल्बेर्तो म्हणाला. "हात जोडतो तुला. हेल्डरला मी शिकवलं होतं, डग. टेबलाशी बसवून. नशीब बिशीब काही नव्हतं, मीच होतो."

हे वाक्य त्याने आजवर कुठेच उच्चारलं नव्हतं, कबुलीजबाब द्यायला दर महिन्याला चर्चमध्ये जात असूनही.

"हे तुला कधी उमगलं?" डगने विचारलं. "तुझी पोरगी शर्यतीत होती तेव्हा?"

"तेव्हा नाही."

"मग आता घरी जा, जिल. या वयात जळणं शोभत नाही."

ओसरीच्या सावलीत ब्रायनी काळा चष्मा लावून बसली होती. "रापोझो काका, सेलिया कशी आहे?"

"बरी आहे, पोरी. बुधवारी नगरपालिकेच्या मैदानावर खेळते, बेकरीतल्या बायकांबरोबर. सप्टेंबरात कॉलेजला जाईल."

"छान."

तो ट्रककडे वळला. दार उघडतो तोच मागून आवाज आला.

"रापोझो काका, सेलिया कशी आहे?"

जिल्बेर्तोने डगकडे पाहिलं. डग हसला. "चिडवतेय तुला," तो म्हणाला आणि त्याने यंत्र पुन्हा सुरू केलं. ब्रायनीने दोन्ही कान हातांनी झाकून घेतले.

तिथून जिल्बेर्तो पेट्राकिसकडे गेला. तिथे त्याला कॉफी मिळाली. मग तो संघाच्या कार्यालयात गेला, तिथे तक्रारीचा एक कोरा अर्ज मिळाला. तो त्याने पायरीवर बसून भरला. गवंड्याच्या वळणाच्या जाड अक्षरात सगळं लिहिलं, हेल्डरचं नाव, स्वतःचं नाव, आणि तो आत दिला. आतल्या बाईंनी सांगितलं की, उत्तराला साधारण सहा आठवडे लागतात.

शनिवारी ब्रायनी पूर्ण नव्वद मिनिटं खेळली.

सामना कोणी जिंकला, ते इथे लिहिलेलं नाही. वाचता वाचता तो प्रश्न ज्यांच्या मनात आला, ती काही वाईट माणसं नव्हेत. त्या दिवशी मैदानाभोवती तशीच चार हजार भली माणसं बसली होती.