पाच पोपटमासे

मालवणच्या होडीत एकच जागा उरली होती आणि ती अनुयाला मिळावी, असं मला फार वाटत होतं. अनुया माझी नात. नोकरी मुंबईत, घर बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमच्याबरोबर, आणि जीव मात्र समुद्राखाली. ती पद्मजाताईंच्या हौशी गटात शिरली आहे; त्यातली मंडळी रजा काढून, पदरचं भाडं भरून जातात, पाण्याखालच्या खडकांत बुडी मारून मासे मोजतात आणि आकडे शास्त्रज्ञांना देतात. कोणता मासा कुठे कमी झाला, ते त्यावरून कळतं.

होडीआधी अंबरनाथच्या तरणतलावात परीक्षा होते. लॅमिनेट केलेली माशांची चित्रं शिसं बांधून तळाशी सोडायची. उमेदवाराने दोरीच्या कडेने पोहत जायचं आणि दिसेल तेवढंच प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचं. चित्रांचं काम माझ्याकडे. कारखान्याच्या ग्रंथालयात तीस वर्षं गेल्याने मासे मला पुस्तकात भेटले, नाहीतर ताटात. त्यामुळे आपलं काहीतरी चुकतंय, ही धाकधूक कायम.

दुसरा उमेदवार विठ्ठलवाडीचा उन्मेष. मागच्या सरावात तळाशी बारा चित्रं होती. याने चौदा लिहिली.

"दोघांना पिल्लं झाली वाटतं," अनुया म्हणाली.

"जलती क्या? आपली नजरच शार्प आहे," तो म्हणाला.

तेव्हाच माझ्या डोक्यात किडा वळवळला. शनिवारी मी नेहमीसारखी यादी केली, पाच पोपटमासे धरून, आणि तिचा फोटो पद्मजाताईंना पाठवला. रविवारी चित्रं पाण्यात सोडताना मात्र पाचही पोपटमासे पिशवीतच ठेवले. उन्मेष सवयीने चार-सहा ठोकून देणार, मग मी हळूच खरं सांगणार. बेत रचताना मजा आली. तलावाच्या काठावर बसल्यावर मात्र वाटलं, माझ्यासारख्याने असले उद्योग करू नयेत.

वर आल्यावर पाटी दाखवेपर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही, असा नियम. पद्मजाताईंनी आधी उन्मेषची पाटी घेतली.

"पोपटमासा शून्य? यादीत पाच आहेत."

"ताई, दोनदा फिरलो. नाय दिसला." त्याचा चेहरा एवढासा झाला. "नसलेला कसा लिहू? मागच्या वेळी लिहिले, तर तुम्हीच झापलंत."

मी चपापलो.

मग अनुयाची पाटी. "पोपटमासे पाच. बाकी सगळं यादीबरहुकूम! अनुया, बॅग भर."

पाच! पाण्यात एकही नव्हता. पाच होते ते फक्त माझ्या टेबलावरच्या कागदावर.

अनुया माझ्याकडे बघून हसली. गप्प बसलो असतो तर तीच गेली असती. मला हवं होतं ते हेच. पण मालवणलाही तिने असेच न दिसलेले मासे लिहिले तर? चार माणसांत बोलायचं म्हणजे माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून पिशवी उघडली आणि पाच कोरडे पोपटमासे बाकावर मांडले.

"हे... पाण्यात नव्हते."

अनुयाचे कान लाल झाले. "मी यादी बघितली होती," ती म्हणाली. "मास्कमध्ये पाणी शिरतं, मग मला काही दिसत नाही."

"मग उन्मेष जाईल," पद्मजाताई म्हणाल्या. "तू पुढच्या हंगामात. आधी मास्क बदल."

उन्मेषने वाकून माझ्या पायांना हात लावला. "मानलं, आजोबा! सख्ख्या नातीला पकडायला सापळा? आजच्या जमान्यात कोण करतं?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खुलासा करायला हवा होता. केला नाही.

रिक्षात बसल्यावर अनुयाने विचारलं,

"सापळा माझ्यासाठी नव्हता ना?"

"नाही."

"उन्मेषसाठी."

"हो."

ती एवढ्या जोरात हसली की रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. "आईला काय सांगायचं? मी कॉपी केली, की तुम्ही लबाडी केलीत?"

"दोन्ही नको. सांग की उन्मेषने तुझ्यापेक्षा बरोबर मोजले."

"ते मात्र माझ्याच्याने होणार नाही."

"मग मी सांगतो," म्हणालो खरा. पण घर येईपर्यंत माझ्याही तोंडून ते वाक्य सरळ निघेना.