उमेळ्याचे अकरा नमुने

वसईजवळच्या उमेळ्यात वाडीतली मूठभर माती परक्याला देणं म्हणजे घरातलं भांडण वेशीवर टांगणं. तरी सदानंद राऊतांनी ती अकरा जणांकडून मिळवली. एकाने तीनदा चहा पाजून नाही म्हटलं आणि चौथ्यांदा हो. एकाने आधी शेजाऱ्याने दिली का, याची खातरजमा केली. केळी का सुकतात ते आपली अश्लेषा शोधून देईल, असा शब्द सदानंदांनी सगळ्यांना दिला होता.

अश्लेषा त्यांची मुलगी, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जंतूंच्या डीएनएवर काम करणारी. तिथला मोठा संगणक बिघडल्याने वसईच्या नमुन्यांची डीएनए-माहिती तिच्या लॅपटॉपवर आली होती. अहवाल पाचला जायचा होता. तीन वाजले होते आणि ती माहेरच्या ओट्यावर डोकं धरून बसली होती.

मातीतले जंतू ओळखायला एक प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, आजारी नि निरोगी वाड्यांची तुलना करायला दुसरं. पहिल्याला एका गणिती लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी. जुनी टाकली की दुसरं रुसायचं, नवी टाकली की पहिलं.

अहवाल जुळवणाऱ्या विघ्नेशचा फोन आला. "मॅडम, वसई वगळू या. बाकीचे जिल्हे झालेत."

"पाचपर्यंत थांबा," ती म्हणाली आणि फोन ठेवून पुटपुटली, "या दोघांचं भांडण मिटत कसं नाही!"

"कोणाचं भांडण?" सदानंदांनी विचारलं. तिने सांगितलं.

"मग दोघांना एका जागी कोंबतेस कशाला?"

"काम एकच आहे ना, पप्पा."

"विहीरसुद्धा एकच होती. मी आणि शेजारचे जगन्नाथअण्णा एकाच दिवशी पाणी सोडायचो, तेव्हा पाट फुटायचे. मग पाळी लावली. त्यांचं भिजवून झालं, की माझं. समोरासमोर यायचं कारणच नाही."

"आलात तरी बोलत नव्हतात, तेही सांगा," आतून तिची आई, आशालताबाई, म्हणाल्या.

अश्लेषा हसली नाही. तिची बोटं थांबली होती. दुसऱ्या प्लगइनला पहिलं कुठे हवं होतं? त्याला हवा होता फक्त पहिल्याने काढलेला तक्ता!

तिने लॅपटॉपवर दोन वेगळ्या जागा केल्या. एकीत जुनी लायब्ररी आणि पहिलं प्लगइन, दुसरीत नवी आणि दुसरं. पहिलं मुकाट चाललं. त्याची फाइल मात्र दुसऱ्याला वाचता येईना. मग तिने तोच तक्ता साध्या मजकुरात काढला. तो कोणालाही वाचता येतो.

पावणेपाचला आलेख उमटला. सात आजारी वाड्या एका कोपऱ्यात, चार निरोगी दुसऱ्यात, मध्ये स्वच्छ अंतर. म्हणजे दोष मातीतल्या जंतूंचाच. अकरापैकी एकही नमुना गळला नव्हता.

"पप्पा, निघालं!" ती ओरडली. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या.

तिने आलेख पाठवला, तसा विघ्नेशचा फोन आला. "एवढं स्पष्ट तर कुठल्याच जिल्ह्याचं आलेलं नाही. केलंत कसं?"

"सांगते. आधी वसईचं पान पहिलं लावा."

"लावतो, मॅडम."