मी सतराची अठरा केली

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे, मित्रांनो. मला लाकडी मूठ आहे, पितळी चौकट आहे आणि पोटात तारीख, महिना, वर्ष यांचे फिरते रबरी पट्टे आहेत. त्यांच्या डोक्यावर एकच शब्द कोरला आहे : 'दाखल'. सध्या माझा मुक्काम कोर्टाच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, वाळून खडखडीत झालेल्या शाईच्या गादीशेजारी आहे. शिक्क्याला कसले आले आहे दुःख, असे तुम्ही म्हणाल. आधी ऐका.

ज्या कारागिराने मला घडवले, त्याने मला पहिल्यांदा कागदावर टेकवले आणि ठसा उजेडात धरून पाहिला. "हा काही खोटं बोलायचा नाही," तो म्हणाला. मी तेव्हा नवा होतो. ते बोलणे मला फार गोड लागले.

कोर्टात मी अर्ज घेण्याच्या खिडकीत बसलो. तिथल्या कारकुनांना सगळे घड्याळकाका म्हणत, कारण त्यांच्या कामात पाच मिनिटे इकडची तिकडे होत नसत. साडेचारला खिडकी बंद झाली की ते चहा घेत, नोंदवहीत त्या दिवसाखाली रेघ मारत, पुढच्या पानावर उद्याची तारीख लिहीत आणि मग अंगठ्याने माझा पट्टा एक घर पुढे सरकवत. "सकाळची धावपळ नको बुवा," असे म्हणून मला पुसून ठेवत. एकवीस वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नाही. वकील माझा ठसा पाहून म्हणत, "या खिडकीचा शिक्का म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." मी मनातून फुगत असे. खोटे कशाला बोलू?

मग नवा कायदा आला. कोर्टांना नेहमीच्या फीवर आणखी जादा फी घेण्याची मुभा मिळाली. इमारतीची डागडुजी, खुर्च्या, पंखे यांसाठी ते पैसे वापरायचे होते. हेतू वाईट नव्हता. आमच्या पायऱ्या खरोखरच खचल्या होत्या. जादा फीची खिडकी मात्र अंगणाच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर उघडली. सूचनेचा कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. दार दिवसभर उघडे, म्हणजे कागद दिवसभर भिंतीकडे तोंड करून. कोर्ट बंद झाले की तेवढा तो वाचता येई.

लोक अर्ज घेऊन येत, अपुऱ्या फीमुळे पलीकडे धावत आणि दमून परत येत. म्हणून आमची खिडकी पाच वाजेपर्यंत उघडी ठेवण्याचा हुकूम निघाला. वेळ बदलली, पण काकांच्या अंगठ्याला ते कुणी सांगितले नाही. तो साडेचारलाच माझ्या पट्ट्यावर येई. कधी काका मध्येच थांबत, हसत आणि पट्टा मागे घेत.

त्या दिवशी सतरा तारीख होती. चारच्या सुमारास शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. दहा बाय दहाची एक खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. बावीस वर्षे त्या तिथेच शाळेचे गणवेश शिवत आणि तिथेच राहत. खालच्या कोर्टाने खोली सोडण्याचा हुकूम दिला होता. त्याविरुद्ध अपील करण्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. निकालाची नक्कल उशिरा हाती आली, म्हणून त्या शेवटच्या दिवशी पोचल्या होत्या. रुमालाच्या गाठीत फी नेमकी मोजून आणली होती.

"मावशी, आता जादा फी पण लागते," काका म्हणाले.

"अगं बाई! आणि हे कधीपासनं?"

"झाले दोन महिने. ती पावती जोडल्याशिवाय मला शिक्का मारता येत नाही. पाचच्या आत या, मी आहे इथे."

बाई शेजारच्या वाण्याकडून पैसे उसने घेऊन आल्या, पलीकडचा जिना चढल्या, पावती घेऊन उतरल्या. पाचला दहा कमी असताना त्या खिडकीशी उभ्या होत्या. त्यांना नीट श्वासही घेता येत नव्हता. मधल्या वेळात खिडकी रिकामी होती. चहा आला, काकांनी रेघ मारली, पान उलटले आणि अंगठ्याने आपले काम केले. त्या दिवशी पट्टा मागे घ्यायचे राहून गेले.

घाईघाईत त्यांनी मला उचलले. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो, मित्रांनो. अपिलावर, पानापानावर मी अठरा तारीख उमटवली. वहीतली नोंदही नव्या पानावर, अठराच्या खाली झाली.

"झालं ना हो काका?"

"झालं, मावशी. आता निर्धास्त घरी जा."

बाईंनी ओल्या शाईवर हळूच फुंकर मारली आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी अपिलावर शेरा पडला : मुदतीनंतर एक दिवस. काका पांढरेफटक पडले. त्यांनी चूक लेखी कबूल केली, जादा फीच्या पावतीवरची सतरा तारीख दाखवली. अधीक्षक म्हणाले, "ही पावती पैसे भरल्याची आहे, अपील दाखल केल्याची नव्हे. बाईंनी उशीर माफ करण्याचा अर्ज द्यावा." त्या अर्जालाही फी होती आणि फीवर जादा फीही होती. चूक आमची आणि भुर्दंड बाईंना! काकांनी पैसे पुढे केले, पण बाईंनी ते घेतले नाहीत. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंय," एवढेच त्या म्हणाल्या. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

अर्ज मंजूर झाला नवव्या दिवशी. खोली रिकामी केली गेली होती सहाव्या दिवशी. शिलाई मशीन आणि अर्धवट शिवलेले गणवेश रस्त्याच्या कडेला काढून ठेवले होते. मधली भिंत पाडून शेजारचे दुकान मोठे केले गेले. पुढे दोन वर्षांनी बाई अपील जिंकल्या, पण ताबा घ्यायला खोलीच उरली नव्हती.

निकालाची नक्कल न्यायला त्या आल्या तेव्हा जादा फीतून आणलेल्या नव्या खुर्च्या बाहेर मांडल्या होत्या. बाई एकीवर टेकल्या, खुर्चीच्या हातावरून हात फिरवला आणि काकांना म्हणाल्या, "खुर्ची चांगलीय हो. माझेही पैसे आहेत हिच्यात."

नंतर यंत्र आले. ते तारीख आपोआप छापते. निवृत्तीच्या दिवशी काकांनी मला शेवटचे पुसले. मग अंगठ्याने सावकाश माझे पट्टे मागे मागे फिरवले, वर्ष, महिना आणि शेवटी तारीख. सतरावर थांबले. कोऱ्या कागदावर मला एकदा टेकवले, कागद खिशात ठेवला आणि कप्पा बंद केला.

मित्रांनो, कायदे करा, फी घ्या, खुर्च्याही आणा. पण सूचना दाराबाहेर लावा, आणि शिक्का उचलण्याआधी एकदा समोरच्या माणसाकडे बघा आणि एकदा माझ्याकडे. माझ्यावर आजही सतरा तारीख आहे. ती खरी आहे. तिच्यासाठी जिना उतरून धावत येणारे मात्र आता कुणी नाही.