डब्यातलं पाणी

आपला थोरला भाऊ चोर आहे, या विचारानं नाथाजीला आठवडाभर अन्न गोड लागत नव्हतं. चोर म्हणजे पैशाअडक्याचा नव्हे, पाण्याचा. पण जावळीच्या डोंगरात ऐन आषाढात पावसानं दडी मारली, की पाण्यापुढं पैसा काय चाटायचाय?

एकाहत्तरची लढाई बघून नाथाजी हवालदार पेन्शनीवर गावी आला होता. उतारावर पायऱ्यांसारख्या भातखाचरांत वरचं खाचर त्याचं, लगतचं खालचं थोरल्या सयाजीचं. ओढ्याच्या पाटाचं पाणी पाळीनं मिळायचं. आपल्या पाळीला नाथाजी खाचर घोटाभर भरून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर नुसता चिखल. बांध फुटलेला नाही, खेकड्याचं बीळ नाही. सयाजीच्या खाचरात मात्र पाणी डबडबलेलं. इकडं लावणीची भातरोपं वाफ्यात थोराड होत चालली होती. पाणी टिकलं नाही, तर यंदा घरात भाताचा दाणा येणार नव्हता.

पाण्याची भांडणं मिटवायला उद्याच देवळात गावकी बसणार होती. तिथं सयाजीचं नाव घ्यायचं नाथाजीनं ठरवलं. बाप गेल्यावर ज्यानं आपल्याला वाढवलं, त्याला चारचौघांत चोर म्हणायचं होतं. पण गडी फौजेतला, पुराव्याशिवाय तोंड उघडणार नाही.

म्हणून त्यानं डालड्याच्या मोठ्या डब्याचं बूड कापलं आणि तो खाचराच्या मधोमध चिखलात खोल रोवला. पाटाचं पाणी घेतलं, डब्याच्या आतबाहेर ते सारखं केलं, आणि दोन्ही बाजूंनी खिळ्यानं खूण ओढली. बांध उकरून कुणी पाणी नेलं तर बाहेरचं उतरेल. डब्यातलं कोण नेणार? मग चोराला मोकळं रान मिळावं म्हणून हवालदारसाहेब घरी येऊन पडून राहिले.

दिवस कलल्यावर तो बायकोला, विजयमालेला, साक्षीला घेऊन गेला. बाहेरचं पाणी चार बोटं उतरलं होतं. डब्यातलंही चार बोटंच.

विजयमालेनं पदर तोंडाला लावला. “आवं, डब्यातलं बी भावजींनीच न्हेलं म्हना की आता.”

नाथाजीनं चिखलात कोपरापर्यंत हात घातला. खाली हाताला मोकळा मुरूम लागला. उन्हाळ्यात दोन बारकी खाचरं एक करताना त्यानंच पहारीनं खोल उकरलं होतं, आणि वाडवडलांनी बैलं घालून घालून दाबलेला चिकणमातीचा थर फोडून टाकला होता. पाणी कुणी नेत नव्हतं, जमीनच पीत होती. दोष आपलाच निघाला म्हणून माणसाला इतका आनंद झालेला कुणी बघितला नसेल. भाऊ चोर नाही, या एका गोष्टीनं त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि तो तसाच चिखलाच्या हातानं खाली उतरला.

सयाजी आपल्या खाचरातलं पाणी बांध फोडून बाहेर काढत होता. नाथाजी तोंड उघडायच्या आत तोच बोलला, “रोज का रं पानी सोडतूस माज्या अंगावर? रोपं कुजाय लागली माजी. उद्या गावकीत तुजं नाव घ्यायचं म्हनत हुतो, पर जीभ रेटंना.”

नाथाजी बांधावर मटकन बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग त्यानं सगळं सांगितलं, फुटलेल्या थरातून पाणी आतल्या आत खालच्या खाचरात कसं उतरतं ते, आणि अगदी आपण गावकीत काय बोलणार होतो तेही. सयाजीनं खोरं खांद्यावर टाकलं. नाथाजीला वाटलं, आता हा निघून जाणार.

“दादा, चुकलं माजं.”

“चुकलं तर दोगांचं बी चुकलं,” सयाजी म्हणाला. “सकाळी थर दाबाया माजी बैलं बी घिऊन येतू.”

सकाळी ओढ्याकाठची चिकणमाती पाट्या भरभरून वरच्या खाचरात पडली, आणि चार बैलं, दोन भाऊ आणि एक विजयमाला ती तुडवायला लागली. देवळात गावकी भरली. पाण्याची भांडणं ऐकायला बसलेल्या पंच आप्पासोंनी, तक्रार आहे एवढंच आधी कळवून ठेवलेल्या दोघा भावांना बोलवायला गुंडा नावाच्या पोराला पाठवलं. तो बांधावर येऊन उभा राहिला, तर दोन्ही तक्रारदार कमरेपर्यंत चिखलानं माखलेले.

“आप्पासोंना सांग,” सयाजी धाप टाकत म्हणाला, “चोर घावलाय. दोगं भाऊ मिळून तुडवतोय त्येला.”