ध्यानघराच्या भिंतीवर बादलीभर पाणी

आमच्या घरात त्या महिन्यात आई आणि आत्या एकमेकींशी फक्त माझ्यामार्फत बोलत होत्या. आणि दोघींच्या टेबलावर कोणतं काम होतं, तर ध्यानघराचं. डोळे मिटून शांत बसायची जागा. मला हसू आवरायचं नाही.

ऑफिस आमच्या घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत आहे. नकाशे आई आणि आत्या काढतात, बाबा साइट सांभाळतात. आत्या बाबांची थोरली बहीण, त्यामुळे ऑफिसही आपल्यालाच आंदण मिळाल्यासारखी वागते. आजवर प्रत्येक नकाशावर वर ठळक नाव तिचं, खाली बारीक अक्षरांत आईचं. या वेळी आई म्हणाली, ध्यानघर मी करणार आणि नाव माझं वर असणार. आत्याने चष्मा पुसत मला सांगितलं, "तुझ्या आईला विचार, मातीत खेळायचं वय परत आलंय का." आई माझ्या शेजारीच उभी होती.

ध्यानघर बांधून घेणाऱ्या बाई इतक्या हळू बोलायच्या की आम्ही मागून त्यांना कुजबुजबाई म्हणायचो. त्यांची अट एकच. माती, दगड, बांबू, पेंढा, काय हवं ते वापरा, पण सिमेंटचा कणसुद्धा नको. उद्या हे घर नकोसं झालं तर ते मुकाट्याने जमिनीत परत गेलं पाहिजे. आईचा आराखडा गोल होता. जाड मातीची भिंत, वर बांबूचं छप्पर, आणि खिडक्या इतक्या खाली की मांडी घालून बसलेल्या माणसाला बाहेरचं गवतच दिसावं. आत्याचा आराखडा लांबट, सरळ भिंतींचा. छान होता, मी खोटं कशाला बोलू. पण दवाखान्यासारखा.

बाईंना दोन्ही आवडले. मग आत्याने आजोबांची रीत काढली. मातीचं काम असलं की आमच्याकडे मागच्या अंगणात नमुन्याची भिंत बांधतात, सुकू देतात, आणि जिने बांधली तिनेच गिऱ्हाइकासमोर तिच्यावर बादलीभर पाणी फेकायचं. जिची भिंत टिकेल तिचं काम. चिखल दोघींनाही बाबाच तुडवून देणार होते, कारण ते कुणाचीच बाजू घेत नाहीत. तीच त्यांची ख्याती.

मला मात्र बाजू घ्यायला लाज वाटत नव्हती. या वर्षी शाळेत मी वादविवादात भाग घ्यायला लागले आणि मला एक शोध लागला, की मी तोंड उघडलं की लोक ऐकतात. आत्याला हा शोध आवडला नाही. तिने माझं नाव भोंगा ठेवलं.

ठरलेल्या सकाळी आत्याने आधी बादली उचलली आणि झोकात फेकली. पाणी भिंतीवरून घसरलं, खाली सांडलं, संपलं. भिंत जशीच्या तशी. आत्या बाईंकडे बघून हसली.

मी पुढे झाले. आईबरोबर मी किती सुट्ट्या चिखलात घालवल्या आहेत. मातीची भिंत पाणी पिते. गडद होते, तिचा वास सुटतो, वरची साय जरा सुटते आणि मग ती उभी राहते. ही भिंत पाणी प्यायलीच नव्हती. मी नख लावलं, तर नखच दुमडलं.

"आत्या, तुझ्या भिंतीत सिमेंट आहे," मी म्हणाले, आणि कुजबुजले नाही.

"भोंगा वाजला," आत्या म्हणाली. पण तिनेही नख लावून पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. तिला ठाऊक नव्हतं, हे मलासुद्धा दिसलं. "मग आता तुझ्या आईच्या भिंतीला लाव की नख."

आईने आपली बादली फेकली. पाणी घसरलं, खाली सांडलं, संपलं.

आम्ही सगळ्या बाबांकडे वळलो. ते पँटची दुमड सारखी करत होते.

"एकेक घमेलं," ते म्हणाले. "दोघींनाही सारखंच. म्हटलं, कुणाचीच पडायला नको."

"पडली असती तर माझी पडली असती," आई म्हणाली. "आता उभी आहे, ती कुणाची आहे?"

बाबांनी दुसऱ्या पायाची दुमड सारखी करायला घेतली. आत्याने मात्र लगेच सावरून घेतलं. बाईंना समजावू लागली की एवढ्याशा सिमेंटने कुणाचं ध्यान मोडत नाही, सगळेच घालतात, टिकाऊपणा महत्त्वाचा. ती बोलत असतानाच मागून धप्प आवाज आला. आईने पहार घेतली होती. तिने स्वतःची भिंत पाडली, पार जोत्यापर्यंत. ढेकळं माझ्या पायाशी येऊन पडली, दगडासारखी कडक.

"मी पुन्हा बांधते," आई बाईंना म्हणाली.

"आणि पाणी मी फेकणार," आत्या म्हणाली.

बाई कुजबुजल्या, चालेल.

बाबांना मागच्या अंगणात यायची बंदी झाली. चिखल मी आणि आईने तुडवला, पेंढा मी कापला, आणि बाबा खिडकीतून चहा हवा का विचारत राहिले. आत्या रोज येऊन भिंतीकडे बघायची, जणू ती भिंत तिला उलट बोलली होती.

भिंत सुकली. आत्याने बादली काठोकाठ भरली आणि मधोमध नाही, कोपऱ्यावर नेम धरून फेकली, जिथे भिंत सगळ्यात कच्ची असते. साय सुटली. तपकिरी पाणी आत्याच्याच चपलांवरून वाहिलं, पेंढ्याच्या काड्या उघड्या पडल्या. मग भिंत गडद होत गेली आणि वास सुटला, ओल्या मातीचा, अंगणभर. आत्याने अंगठा दाबला. रुतला, पण जरासाच. तिने खांदा लावून ढकललं. भिंत हलली नाही.

कुजबुजबाई त्या ओल्या भिंतीला पाठ टेकून चिखलात बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. काम आईला मिळालं.

"कोपरा कच्चा आहे," आत्या म्हणाली, महिन्याभरात पहिल्यांदा थेट आईला.

"माझं घर गोल आहे, ताई. त्यात कोपरा नाही."

"नकाशा बघितलाय मी."

"मग बरं."

दुपारी आईने नकाशावर आपलं नाव वर लिहिलं, ठळक. खाली बारीक अक्षरांची जागा रिकामी होती. तिथे कुणाचं नाव घालायचं, मी विचारलं. बाबा दारातून आशेने बघत होते.

"कुणाचंच नको," आई आणि आत्या एकदम म्हणाल्या, आणि एकमेकींकडे पाठ करून आपापल्या टेबलाशी जाऊन बसल्या.